मोठ्या कंपनीला नवं सुचतं, पण ती ते करते का?

साताऱ्याच्या एमआयडीसीत एकेकाळी प्रिया स्कूटर बनायची. महाराष्ट्र स्कूटर्स ही १९७५ सालची कंपनी. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ हे तिचे मूळ भागीदार. स्कूटरसाठी पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची, असा तो काळ होता. नंतर स्कूटर बंद झाली आणि त्याच कारखान्यात दुचाकींच्या भागांसाठी लागणारे साचे आणि भाग पकडून ठेवायची साधनं, म्हणजे डाय, जिग, फिक्श्चर, बनू लागली. एखादी मोठी कंपनी बदलते किंवा बदलत नाही, तेव्हा त्याचा परिणाम किती लांबवर पोचतो हे इथल्या जुन्या कामगारांच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आज हाच प्रश्न गूगल, मायक्रोसॉफ्ट, इंटेल यांच्याबद्दल विचारला जातो. ज्या कंपनीचा धंदा उत्तम चाललाय, जिच्याकडे लाखो माणसं आणि अमाप पैसा आहे, ती नव्या प्रतिस्पर्ध्यासमोर खरोखर काही नवं करू शकते का? कुणी म्हणतं, एवढ्या मोठ्या कंपन्या सुस्तावतात, त्यांचे दिवस भरले. कुणी म्हणतं, एवढा पैसा असताना त्यांना कोण हरवणार? दोन्ही उत्तरं मला उथळ वाटतात, कारण नवी गोष्ट सुचणं आणि ती बाजारात आणणं ही दोन वेगळी कामं आहेत हे दोघंही विसरतात.

ताजं उदाहरण घेऊ. २०१७ साली गूगलमधल्या आठ संशोधकांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. वाक्यातला कुठला शब्द कुठल्या शब्दाशी किती जोडलेला आहे हे संगणकाला एकाच वेळी ताडून पाहता येईल, अशी रचना त्यांनी मांडली. तिचं नाव ट्रान्सफॉर्मर. त्या आठांत आशिष वासवानी होते आणि पुण्यात इंजिनीअरिंग शिकलेल्या निकी परमारही होत्या. चॅटजीपीटी या नावातला ‘टी’ म्हणजे हाच ट्रान्सफॉर्मर. पण चॅटजीपीटी गूगलने आणलं नाही. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ते आणलं ओपनएआयने. तिथे तेव्हा काहीशे माणसं काम करत होती, तर गूगलच्या मूळ कंपनीत, अल्फाबेटमध्ये, पावणेदोन लाखांहून जास्त. बरं, गूगलकडे असलं काही तयार नव्हतं असंही नाही. गप्पा मारू शकणारं लॅम्डा नावाचं मॉडेल त्यांनी मे २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. सर्वसामान्य लोकांच्या हातात मात्र ते दिलं नाही.

का दिलं नाही? इथे थोडा हिशेब मांडावा लागेल, कारण सगळ्या विषयाची किल्ली त्यात आहे.

समजा, एका कंपनीला जुन्या वस्तूतून वर्षाला १०० कोटींचा नफा होतो. तिच्याच माणसांनी एक नवी वस्तू शोधली. ती विकली तर ४० कोटी मिळतील, पण नवी वस्तू घेणारी माणसं जुनी घेणार नाहीत, त्यामुळे जुन्यातले ६० कोटी जातील. उरले ४० आणि आले ४०, एकूण ८०. म्हणजे नवं काही करून कंपनीने स्वतःचे २० कोटी घालवले. आता एखादी नवी कंपनी तीच वस्तू आणते. तिच्याकडे गमावण्यासारखं काहीच नाही, त्यामुळे तिला ४० कोटी निव्वळ फायदा. म्हणूनच वस्तू तीच असूनही एकीला ती नको असते आणि दुसरीला हवी असते. अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये या विचाराचा पाया घातला.

मोठ्या कंपनीच्या बैठकीत नेमकी चूक होते ती यापुढे. तिथे ८० ची तुलना १०० शी केली जाते. पण ती वस्तू कुणीतरी आणणारच असेल, तर ६० कोटी तसेही जाणार आहेत आणि हातात फक्त ४० राहणार आहेत. तेव्हा खरी तुलना ८० आणि ४० ची. ही दुसरी तुलना करणं कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात मात्र यंदाचे १०० कोटी समोर दिसत असतात आणि ते ४० वर येणं ही कुणीतरी वर्तवलेली शक्यता असते. शिवाय ते १०० कोटी मिळवणाऱ्या विभागाचा प्रमुख बैठकीत बसलेला असतो, त्याचा शब्द वजनदार असतो, आणि नव्या वस्तूच्या बाजूने बोलणारा एखादा तरुण इंजिनीअर असतो.

कोडॅकमध्ये असा तरुण इंजिनीअर होता स्टीव्ह सॅसन. १९७५ मध्ये त्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. चित्र शंभर बाय शंभर ठिपक्यांचं, कृष्णधवल, आणि ते कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद लागायची. त्या अवस्थेतला कॅमेरा बघून कुणी फिल्मचा धंदा मोडीत काढला असता असं मला वाटत नाही, तेवढ्यासाठी कोडॅकला नावं ठेवणं अन्यायाचं आहे. पुढे कोडॅकने डिजिटल कॅमेरे विकलेसुद्धा. २००५ मध्ये अमेरिकेत सर्वात जास्त खप त्यांच्याच डिजिटल कॅमेऱ्यांचा होता. पण फिल्मवर जो नफा सुटायचा तो कॅमेऱ्यावर सुटत नव्हता. फिल्म एकदा वापरली की पुन्हा विकत घ्यावी लागते, कॅमेरा काही वर्षं पुरतो. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. शोध लावूनही, विकूनही कंपनी बुडाली, ती जुन्या नफ्याची सवय सुटली नाही म्हणून.

इंटेलचंही तेच. आयफोन येण्याआधी ॲपलने त्यांना चिपबद्दल विचारलं होतं. ॲपल जी किंमत द्यायला तयार होतं ती इंटेलच्या अंदाजे खर्चाहून कमी होती, म्हणून काम नाकारलं गेलं. प्रमुख पॉल ओटेलिनी यांनी २०१३ मध्ये पद सोडताना हे स्वतः सांगितलं. खर्चाचा अंदाज चुकला आणि फोन किती खपतील याचाही.

नफ्याखेरीज दुसरं कारण गिऱ्हाइकाचं आहे. गिऱ्हाइकाचं ऐका, असं व्यापारात प्रत्येक जण शिकवतो. हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन क्रिस्टेन्सन यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की चांगल्या कंपन्या नेमक्या इथेच फसतात. त्यांचं सर्वात चांगलं गिऱ्हाईक जुनीच वस्तू थोडी आणखी चांगली करून मागतं. नवी वस्तू सुरुवातीला कमी दर्जाची असते, स्वस्त असते, आणि ती घेणारी माणसं कंपनीच्या यादीतच नसतात.

आता बजाजकडे येऊ. चेतक आणि प्रियासाठी लोक दहा-दहा वर्षं थांबायला तयार असताना गिऱ्हाइकाला काय हवंय हे विचारायची गरजच कुणाला वाटेल? त्यांना स्कूटरच हवी होती. पण १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक इंजिन, लिटरला ८० किलोमीटरच्या आसपासचा दावा, आणि मोठी चाकं. पाटण किंवा माणच्या कच्च्या रस्त्यावर स्कूटरच्या छोट्या चाकांची काय गत होते हे त्या रस्त्याने गेलेल्याला विचारावं. दूध घालायला जाणारा, वाड्या-वस्त्यांवर शाळेत जाणारा शिक्षक, शेतातून माल आणणारा शेतकरी, ही मोटरसायकलची माणसं. शहरातल्या शोरूमच्या नंबरच्या यादीत ती कितीशी असणार?

बजाजकडे मोटरसायकल नव्हती असं मात्र कुणी समजू नये. कावासाकीच्या साहाय्याने १९८६ पासून ते मोटरसायकली बनवत होते. तंत्रज्ञान होतं, कारखाना होता, विक्रेत्यांचं जाळं होतं. तरी कंपनीचं मन स्कूटरमध्ये होतं, कारण पैसा तिथून येत होता. २००१ मध्ये हिरो होंडा जगातली सर्वात मोठी दुचाकी कंपनी झाली. त्याच वर्षाच्या शेवटी चाकणच्या नव्या कारखान्यातून बजाजची पल्सर बाहेर पडली आणि कंपनी सावरली. २००९ च्या अखेरीस राजीव बजाज यांनी स्कूटर पूर्ण बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा वडील राहुल बजाज यांनी वाईट वाटल्याचं उघडपणे बोलून दाखवलं. ज्या वस्तूने घराण्याचं नाव घरोघरी नेलं ती मुलाच्या हातून बंद होताना बघणं सोपं नसणार. या निर्णयाबद्दल मतं वेगवेगळी आहेत, कारण पुढे ॲक्टिव्हामुळे स्कूटरचा बाजार पुन्हा वाढला. मला तो निर्णय व्यापारापेक्षा हिमतीच्या दृष्टीने मोठा वाटतो.

तिसरं कारण नावाचं. मोठ्या कंपनीची चूक महाग पडते. फेब्रुवारी २०२३ मध्ये गूगलने चॅटजीपीटीला उत्तर म्हणून घाईघाईत बार्ड जाहीर केलं. जाहिरातीतल्या नमुन्यात जेम्स वेब दुर्बिणीबद्दल एक उत्तर चुकीचं निघालं. एका दिवसात अल्फाबेटचं बाजारमूल्य सुमारे १०० अब्ज डॉलरनी घसरलं. चॅटजीपीटीही तेव्हा भरपूर चुका करत होतं, पण लोक म्हणत होते, नवं आहे, चालायचंच. गूगलकडून मात्र लोक बरोबर उत्तराचीच अपेक्षा धरून येतात. त्यामुळे अर्धवट तयार वस्तू लोकांना देऊन त्यांच्याकडून शिकण्याची सोय छोट्या कंपनीला असते, मोठीला ती फार जपून वापरावी लागते. या तिसऱ्या कारणात पहिलंही मिसळलेलं आहे. २०२२ मध्ये अल्फाबेटच्या उत्पन्नाचा सुमारे ८० टक्के भाग जाहिरातींचा होता. दहा दुव्यांच्या यादीत जाहिरात सहज बसते. सरळ एक उत्तर मिळालं तर माणूस दुव्यांवर जाईलच कशाला?

मोठ्या कंपनीत कुठलं नवं तगतं आणि कुठलं मरतं, याचा एक फार चांगला नमुना झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या ‘पार्क’ (PARC) नावाच्या प्रयोगशाळेत सापडतो. ती १९७० मध्ये सुरू झाली. तिथे १९७३ मध्ये ऑल्टो नावाचा संगणक झाला, त्यात माऊस होता, पडद्यावर खिडक्या होत्या. त्याच काळात तिथे लेझर प्रिंटरही घडला. पैकी प्रिंटरने झेरॉक्सला अब्जावधी डॉलर मिळवून दिले. संगणकाचा फायदा ॲपल आणि मायक्रोसॉफ्टने घेतला. प्रयोगशाळा एक, हुशारी तीच, वरिष्ठ तेच. प्रिंटरमुळे मशीनमधून जास्त कागद छापून निघणार होते आणि झेरॉक्सचा धंदा छापील पानांवरच चालायचा, म्हणून तो विक्री विभागाला लगेच कळला. ऑल्टो कुणाला विकायचा, किती पैसे घ्यायचे, हे सांगणारं खातंच त्या कंपनीत नव्हतं.

मग करू शकणाऱ्या कंपन्या काय वेगळं करतात?

आयबीएमने वैयक्तिक संगणक बनवायचं ठरवलं तेव्हा मुख्यालयापासून लांब, फ्लोरिडातल्या बोका रॅटन गावी छोटी टीम बसवली. तिला आयबीएमचे नेहमीचे नियम लागू केले नाहीत. बाहेरचे भाग वापरा, इंटेलची चिप घ्या, मायक्रोसॉफ्टकडून ऑपरेटिंग सिस्टीम घ्या, पण वर्षभरात करा. १२ ऑगस्ट १९८१ ला तो संगणक बाजारात आला. मुख्य कार्यालयातल्या मंजुऱ्यांच्या रांगेत तो अडकला असता तर इतक्या वेळात आला नसता.

इंटेलने तर त्याच्याही पुढचं केलं. ही कंपनी मेमरी चिप बनवणारी. जपानी कंपन्यांनी त्या धंद्यात त्यांना जेरीस आणल्यावर १९८५ मध्ये अँडी ग्रोव्ह आणि गॉर्डन मूर यांनी मेमरीचा धंदाच सोडायचा आणि प्रोसेसरवर जायचं ठरवलं. ज्या वस्तूवर कंपनी उभी राहिली ती सोडणं म्हणजे आतल्या कितीतरी लोकांची ओळख पुसणं. पुढची वीस वर्षं इंटेलची होती. आणि याच इंटेलने नंतर आयफोनची चिप नाकारली. म्हणजे एकदा जमलं म्हणून दर वेळी जमेल असं नाही. ग्रोव्ह यांच्यासमोर जळतं घर होतं, ओटेलिनी यांच्यासमोर भरलेली तिजोरी होती.

मायक्रोसॉफ्टची गोष्ट मला सर्वात आशादायक वाटते. सत्या नाडेला फेब्रुवारी २०१४ मध्ये प्रमुख झाले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ऑफिस आयपॅडवर आलं. काम आधीपासून चालू होतं, पण प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर आपलं सर्वात मोलाचं सॉफ्टवेअर देण्याचा अर्थ सगळ्यांना कळला. २०१५ मध्ये नोकियाच्या फोन व्यवसायासाठी घातलेल्या पैशांपैकी ७.६ अब्ज डॉलर त्यांनी तोट्यात धरले, हजारो नोकऱ्या गेल्या. पैसा वळवला गेला क्लाउडकडे, जिथे सर्व्हरची सॉफ्टवेअर विकण्याऐवजी भाड्याने द्यायची असतात आणि सुरुवातीला नफा कमी दिसतो. २०१९ मध्ये ओपनएआयमध्ये त्यांनी १ अब्ज डॉलर घातले. आपण ज्या कंपनीला एकटी आणि छोटी समजतो तिच्यामागे एक जुनी, मोठी कंपनी उभी होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

दुसरी एक वाट आहे, आणि तिचा जुना दाखला सांगली जिल्ह्यातच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. तिथून ते कडबा कापायच्या यंत्रांकडे आणि लोखंडी नांगराकडे आले. लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी भीती शेतकऱ्यांना वाटत होती, त्यामुळे पहिले नांगर खपता खपत नव्हते. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनजवळ त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. १९२६ मध्ये तिथून पंप निघू लागले. आपण नांगरवाले आहोत, असं त्यांनी ठरवून टाकलं असतं तर? त्यांनी विचार केला तो आपल्या हाती ओतकाम आहे, यंत्रकाम आहे आणि शेतकऱ्याची गरज आपल्याला कळते, असा. जपानच्या फुजीफिल्मने फिल्मचा धंदा कोसळताना हेच केलं. फिल्मवर रसायनांचे अतिपातळ थर द्यायची विद्या त्यांनी टीव्हीच्या पडद्यांच्या फिल्मसाठी वापरली, २००७ मध्ये तर त्वचेची क्रीम बाजारात आणली. कोडॅक आणि फुजी एकाच वादळात सापडल्या होत्या.

आता गूगल पुन्हा. डिसेंबर २०२२ मध्ये आत धोक्याची घंटा वाजली. एप्रिल २०२३ मध्ये गूगल ब्रेन आणि डीपमाइंड हे एआयवर काम करणारे, आपापसांत स्पर्धा करणारे दोन गट एक करून डेमिस हसाबिस यांच्या हाती दिले. त्याच वर्षी डिसेंबरात जेमिनी आलं. मे २०२४ पासून अमेरिकेत शोधाच्या पानावर वरच एआयचं उत्तर दिसू लागलं, म्हणजे ज्या पानाला धक्का लागू नये म्हणून इतकी वर्षं थांबले त्याच पानाला हात घातला. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल हसाबिस आणि जॉन जंपर यांना डेव्हिड बेकर यांच्याबरोबर मिळालं, प्रथिनांचे आकार ओळखणाऱ्या कामासाठी. हे काम एखाद्या गॅरेजमधल्या कंपनीला झेपणारं नव्हतं. त्याला वर्षानुवर्षं पगार देणारं कुणीतरी लागतं. गूगलकडे स्वतःच्या चिपही आहेत, २०१५ पासून त्या आतल्या कामाला वापरल्या जातात. मोठ्या कंपनीला उशीर परवडतो तो यामुळे. छोटीची पहिली चूक शेवटची ठरू शकते, मोठीला दुसरी संधी मिळते.

पण ही दुसरी संधी नेहमी कामाच्या जोरावरच मिळते असं नाही, आणि हे मला खटकतं. आयफोनमध्ये गूगलचा शोध आपोआप निवडलेला असावा यासाठी २०२२ मध्ये ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले गेले, असं अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधातली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. प्रतिस्पर्धी विकत घेणं हीदेखील जुनी रीत. फेसबुकने २०१२ मध्ये १ अब्ज डॉलरना इन्स्टाग्राम घेतलं, २०१४ मध्ये व्हॉट्सॲप. विकत घेऊन वाढवणं मी वाईट म्हणणार नाही, २००६ मध्ये घेतलेलं यूट्यूब गूगलने खरोखर मोठं केलं. पण दार अडवून मिळवलेला वेळ आणि नवं काही करून मिळवलेली जागा यांना एकच नाव देऊ नये.

बजाजने २०२० मध्ये चेतक पुन्हा आणली, विजेवरची. एथर आधीच बाजारात होती, ओला नंतर आली आणि तिने बराच काळ आघाडी घेतली. २०२४ च्या अखेरीस चेतकने ओलाला मागे टाकलं. यात एक बारकावा आहे: बजाजकडे तेव्हा पेट्रोलची स्कूटरच नव्हती. विजेच्या स्कूटरने त्यांच्या कुठल्याच स्कूटरचा खप खाल्ला नाही. वर मांडलेल्या हिशेबात त्यांचे ६० कोटी जाणारच नव्हते. स्कूटर बंद करण्याचा २००९ चा तो कठोर निर्णय इथे उपयोगी पडला, हे तेव्हा कुणालाच दिसलं नसेल.

साताऱ्यातून, कराडमधून, सांगलीतून दरवर्षी कितीतरी मुलं-मुली इंजिनीअर होऊन हिंजवडीला किंवा बंगळूरला जातात. मोठ्या कंपनीच्या नव्या एआय टीममध्ये जागा मिळतेय, जाऊ का, असं त्यांतली काही मला विचारतात. मी कंपनीच्या नावावर फारसं बोलत नाही. मुलाखतीत तीन गोष्टी काढून घ्या म्हणतो. या टीमचं काम यशस्वी झालं तर कंपनीतल्या कुठल्या विभागाचा धंदा कमी होणार? त्या विभागाचा प्रमुख या टीमच्या डोक्यावर बसलेला आहे का? आणि टीममधली जुनी, चांगली माणसं गेल्या वर्ष-दोन वर्षांत कुठे गेली? ट्रान्सफॉर्मरचे आठही लेखक गूगल सोडून गेले होते. त्यातल्या नोम शझीर यांना २०२४ मध्ये परत आणण्यासाठी गूगलला त्यांच्या कंपनीशी सुमारे २.७ अब्ज डॉलरचा करार करावा लागला. पहिल्या प्रश्नाला ‘कुठल्याच नाही’ असं उत्तर आलं तर काम सुरक्षित आहे, खुशाल घ्या. एखाद्या विभागाचं नाव आलं आणि त्याचाच प्रमुख तुमचाही वरिष्ठ असेल, तर पगार कितीही असो, दुसरी टीम मागा.